कुंडवलीखालची झिरप

कुंडवली गावाखाली चव्वेचाळीस किलोमीटरवर दगडातून रस सुटतोय आणि तो वर सरकतोय, हे केतकी भाटकरला पहिल्यांदा दिसलं तेव्हा तिला आनंद झाला होता. पुढच्या बारा वर्षांत ती या शोधाबद्दल शेकडो वेळा बोलली. परिषदांत, मंत्रालयात, वाहिन्यांवर, गावच्या मांडवात. त्या आनंदाबद्दल मात्र ती कधी कोणाजवळ बोलली नाही.

साल दोन हजार एक्केचाळीस, मार्च महिना, रविवारची दुपार. पुण्यातल्या संस्थेत तिसऱ्या मजल्यावर ती एकटीच होती. पडद्यावर कोकणपट्टीचा उभा छेद होता, आणि गेल्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या छेदांची वजाबाकी केल्यावर मधोमध एक लालसर फुगवटा उरला होता. फुगवट्याच्या बरोबर वर, अगदी पृष्ठभागावर, तिचं गाव होतं. ती उठली, व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेली, परत आली. फुगवटा जागेवरच होता. तिने पहिला फोन निशिकांतला लावला.

निशिकांत तिचा थोरला भाऊ, अकरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा केतकी आठवीत होती आणि तो बोटींच्या इंजिनांचं शिक्षण अर्ध्यावर टाकून घरी परतला होता. कुंडवली हे खाडीकाठचं तीनेकशे उंबऱ्यांचं गाव. गावात गरम पाण्याचं कुंड, आणि त्या कुंडावरच सगळ्यांचं पोट. दिवाळी झाली की घाटावरून गुडघे, कंबर, खांदे धरलेली माणसं यायची, एकवीस दिवस राहायची, सकाळ-संध्याकाळ पाण्यात बसायची आणि जाताना पुढच्या वर्षीची खोली सांगून जायची. भाटकरांच्या अकरा खोल्या होत्या. त्या खोल्यांवर निशिकांतने बहिणीला शिकवलं, परदेशी पाठवलं. आणि ती यंत्रं घेऊन परत आली तेव्हा तिच्यासाठी स्वतःच्या परसात खड्डे खणले.

यंत्राचं नाव संशोधनपत्रिकेत लांबलचक होतं. संस्थेत सगळे त्याला ‘झिरप’ म्हणायचे. त्याची कल्पना साधी होती. रस्त्याकडेने आणि खाडीतळातून गेलेल्या, आता वापरात नसलेल्या, इंटरनेटच्या जुन्या प्रकाशतारा जागोजाग पडून होत्या. त्यांत लेझरचे झटके सोडले की तारेचा प्रत्येक मीटर कानासारखा ऐकू लागतो. लाटांचे तडाखे, ट्रकची धडधड, जगाच्या दुसऱ्या टोकाला झालेला भूकंप, सगळं. खालच्या दगडात वितळलेला अंश असेल तिथे हे हादरे मंदावतात. शिवाय वितळलेल्या दगडातून वीज जास्त सहज जाते, म्हणून जागोजागी खड्डे करून, त्यात खारवलेली माती भरून, जमिनीतले विजेचे बारीक प्रवाहही मोजायचे. दोन्ही ताळे जुळवले की कळायचं, किती खोलीवर, हजारात किती भाग रस आहे. रस कुठे आहे हे आधीची यंत्रंही सांगत. तो कुठे निघालाय हे सांगणारं झिरप पहिलंच.

पृथ्वीच्या पोटात रटरटणारा समुद्र आहे अशी पुष्कळांची समजूत असते. तसं काही नाही. कवचाखालचं प्रावरण दगडाचंच, घट्ट. फक्त तापून इतकं मऊ झालेलं, की शतकांच्या हिशेबाने ते वाहतं. कुठे दाब उतरला, कुठे थोडं पाणी मिळालं, की त्या दगडातले लवकर वितळणारे कण तेवढे वितळतात. शंभरात एक भाग, दोन भाग. तो रस कणाकणांच्या फटीत बसतो, तीन कण भेटतात तिथे केसासारखी वाट करतो, आणि त्या वाटा एकमेकींना मिळतात.

निशिकांतला तिने हे चक्क्यावरून सांगितलं होतं. दही फडक्यात टांगलं की निवळ सुटते आणि चक्का दाबून बसतो; इथेही तसंच, फक्त ही निवळ दगडाहून हलकी, म्हणून ती खाली गळत नाही, वर जाते. आणि तिला पिळायला वेगळं फडकं लागत नाही. रस निघून गेला की त्याच्या जागी दगडच बसत जातो आणि पुढच्या रसाला वर ढकलतो. वर दगड घट्ट लागला तर रस साचतो, फुगवटा धरतो, आणि सापाच्या पोटातून गिळलेला बेडूक सरकावा तसा तो अख्खा फुगवटा वर सरकतो.

निशिकांतने विचारलं होतं, मग कुंडाचं पाणी त्यानेच तापतं का? नाही, ती म्हणाली होती, कुंडाचं पाणी पावसाचंच, दोन-तीन किलोमीटर खोल भेगेत उतरून तापून वर येणारं. रसाचा आणि त्याचा काही संबंध नाही. हे त्याने नीट लक्षात ठेवलं. पुढे हे गावात लक्षात ठेवणारा तो एकटाच होता.

फुगवटा वर्षाला एकशे ऐंशी मीटर सरकत होता. कवचाचा तळ त्याच्या वर सहा किलोमीटरवर. म्हणजे तेहतीस वर्षं. तिथे पोचला की पुढचं काम दगडातल्या झिरपीचं नव्हतं, भेगेचं होतं, आणि भेगेतून रस आठवड्यांत वर येऊ शकतो.

केतकीचे वरिष्ठ डॉ. गद्रे. त्यांनी आकडे दोनदा तपासले आणि म्हणाले, आणखी दोन मोसम मोजू. एका वर्षाच्या फरकावर वेग काढणं बरं नाही. शिवाय वर थंड दगड लागला तर रस वाटेतच गोठतो, गोठलेला रस वाट बुजवतो, आणि मागचा सगळा तिथेच आडवा पसरतो. असं घडल्याच्या खुणा जगभर आहेत.

केतकी म्हणाली, तिथे माणसं राहतात. माहीत असून दोन वर्षं गप्प बसायचं? गद्र्यांनी तिच्याकडे पाहिलं. माणसं राहतात म्हणूनच म्हणतोय, ते म्हणाले.

ती थांबली नाही. तिला गावाची काळजी होती, हे खरं. त्याच विषयावर काम करणारी दुसरी एक तुकडी सहा महिन्यांत याच निष्कर्षाला पोचणार होती, हेही खरं. या दोन खऱ्यांपैकी मोठं कोणतं, हे तेव्हा तिने स्वतःला विचारलं नाही. गद्र्यांची शंका तिने अहवालात घातली. एकोणिसाव्या पानावर, एका वाक्यात.

अहवाल छापून आला त्या आठवड्यात सगळ्या वर्तमानपत्रांनी वजाबाकी-बेरीज करून एक साल काढलं. दोन हजार चौऱ्याहत्तर. निशिकांतने ते कात्रण काचेच्या चौकटीत घालून खोल्यांच्या दर्शनी भिंतीवर लावलं. खाली बहिणीचं नाव होतं. येणाऱ्या पाहुण्यांना तो ते दाखवायचा. त्याची बायको प्रणाली त्याला म्हणाली, अहो, हे काढा. लोक वाचून जातात आणि परत येत नाहीत. त्याने काढलं नाही.

कोणी मेलं नाही, काही जळलं नाही. गावाचं जे झालं ते इतकं हळूहळू झालं, की त्याची बातमीही झाली नाही. पहिल्या वर्षी घाटावरची माणसं निम्म्याने कमी आली. कुंडाचं पाणी लाव्हारसाने तापतं, हे आता त्यांना पक्कं ठाऊक झालं होतं. दुसऱ्या वर्षी बँकेने शाखा हलवली. शाळेत दोन जागा रिकाम्या झाल्या त्या भरल्याच नाहीत. खाडीवरचा पूल दुरुस्तीला आला, तेव्हा वरून विचारणा झाली की किती वर्षांसाठी? नवीन घराला परवानगी मागितली की कारकून हसायचा. गावात बोलण्याची एक नवी रीत पडली. चौऱ्याहत्तरच्या आधी मुलांचं बघायला पाहिजे. चौऱ्याहत्तरपर्यंत टिकेल एवढंच छप्पर घाला. ज्यांचं वय तेव्हा ऐंशी झालं होतं तेही तसंच बोलायचे.

केतकी त्या काळात एकदा ग्रामसभेला आली होती. तिने सगळं समजावलं, चक्क्यासकट. कुंडाकाठच्या देवळाचा गुरव यशवंत, ज्याला सगळं गाव येसूकाका म्हणायचं, त्याने विचारलं, म्हणजे तोपर्यंत काही होणार नाही?

“तोपर्यंत काही होणार नाही,” केतकी म्हणाली.

“मग हे पेपरात सांग की गो बाय.”

तिने सांगितलंही. तीस वर्षं कुंडवलीला कसलाही धोका नाही, असं निवेदन तिने स्वतःच्या सहीने सगळीकडे पाठवलं. ते कोणी छापलं नाही.

त्या सभेत एक तरुण उठून म्हणाला, हे सगळं खोटं कशावरून नसेल? तेव्हा उत्तर तिने दिलं नाही, निशिकांतने दिलं. तो उभा राहिला आणि म्हणाला की खड्डे मी खणलेत, नोंदवही मी ठेवलीय, कुठल्या दिवशी बॅटरी उतरली आणि कुठल्या दिवशी म्हशीने तार तोडली ते मला पाठ आहे. तिने मोजलंय ते खोटं नसतं. तो तरुण खाली बसला. केतकीला त्या वेळी भावाचा अभिमान वाटला, आणि आपण त्याच्यावर काहीतरी जड ठेवलंय असंही वाटलं. पण परतीची गाडी होती, ती निघाली.

पुढे सरकारने पुनर्वसनाची योजना काढली. चाळीस किलोमीटर आत, सड्यावरच्या उघड्या कातळावर, पत्र्याच्या आणि पुढे सिमेंटच्या घरांची वसाहत. सक्ती नव्हती. जो सही करेल त्याने घर उतरवून द्यायचं. अधिकारी आले, पत्रकं वाटून गेले, कोणी सही केली नाही. मग त्यांनी निशिकांतला गाठलं. त्याने केतकीला विचारलं, आणि तिने तेव्हा मनापासून सांगितलं की जायचंच असेल तर धडपणी, सगळ्यांनी मिळून जाणं चांगलं. उशिरा जाणाऱ्यांचे हाल होतात. एवढ्यावर निशिकांत घरोघर फिरला. चार वर्षं फिरला. भाटकर सांगतोय, त्याची बहीणच तिथे आहे, असं म्हणत एकेक घर सही करत गेलं. अडीचशे घरं त्याच्या शब्दावर उठली. कुंडवलीत राहिली वीस-बावीस, त्यात येसूकाकाचं एक, आणि सगळ्यांना वाटेला लावून मगच निघायचं म्हणून भाटकरांचं.

तोवर गद्रे निवृत्त झाले होते. कुंडवलीच्या शोधावर उभं राहिलेलं झिरप केंद्र आता केतकीचं होतं. साठ माणसं, सात राज्यांत तारांची जाळी. पन्नास साली नव्या, जास्त बारीक मोजणाऱ्या तारा बसल्या आणि मार्चमध्ये त्यांचा पहिला छेद आला.

फुगवटा त्रेचाळीस किलोमीटरच्या थोडा वर होता. तिने मागच्या तीन वर्षांचे छेद नव्या हिशेबाने पुन्हा काढले. तिन्हीत तो तिथेच होता. वरची कड, जी घुमटासारखी असायला हवी, ती सपाट झाली होती. कोणीतरी वरून पाट ठेवावा तशी. रस आडवा पसरत होता आणि कडेकडेने त्याची वीज वाहण्याची ताकद कमी होत होती. म्हणजे तो थिजत होता. एकोणिसाव्या पानावरचं वाक्य खरं झालं होतं.

या वेळी तिला आनंद झाला नाही. पहिल्यांदा भीती वाटली, ती कसली हे तिला लगेच कळलं, आणि मग त्या भीतीला तिने जबाबदारी असं नाव दिलं. चुकीचं निघालं तर? आपण थांबलाय म्हणालो, माणसं परत गेली आणि एखादी वाट पुन्हा उघडली तर? तिने केंद्रातल्या दोघांना विश्वासात घेऊन ठरवलं की आणखी दोन मोसम मोजायचं, बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्यायचं, मगच बोलायचं. निर्णय निर्दोष होता. कोणत्याही समितीने तो तसाच घेतला असता. गद्रे असते तर त्यांनीही कदाचित हेच सुचवलं असतं, नऊ वर्षं उशिरा.

मे महिन्यात निशिकांत पुण्याला आला. त्याने आधी कळवलं नव्हतं. दारात तो दिसला तसा केतकीने समोरचा पडदा बंद केला. हात आपोआप गेला होता. गेल्यावरच तिच्या ते लक्षात आलं. निशिकांतने ओल्या काजूगरांची पिशवी टेबलावर ठेवली, पाणी प्यायला, इकडचं तिकडचं बोलला. पन्नाशी ओलांडून गेला होता. गळ्याच्या हाडांपाशी तो वाळला होता. प्रणाली वसाहत बघून आली, तिला आवडली नाही, तिथे पाणी टँकरचं आहे, पण चालायचंच, असं म्हणाला. मग खुर्ची थोडी पुढे ओढून बसला.

“केतू, उरलेल्यांची मुदत पंधरा जूनला संपते. येसूकाका म्हणतात, निशिकांत सही करेल तर मी करतो. एकदा केली की घर उतरवणार आणि कुंडही बुजवणार. म्हणून विचारायला आलो. फोनवर विचारण्यासारखं नव्हतं. तुझ्याकडे नवीन काही आलंय का?”

बंद पडद्यात दोघांची सावली पडली होती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. थांब दादा, सही करू नको, मला शंका आहे. पण मग तो येसूकाकाला सांगणार, येसूकाका वसाहतीला सांगणार, दुसऱ्या दिवशी अडीचशे घरं दारात. आणि हातात काय, तर तीन छेद आणि एक सपाट कड.

“सांगण्यासारखं काही नाही अजून,” ती म्हणाली.

“म्हणजे आहे तसंच आहे?”

“हो.”

निशिकांतने मान हलवली. बरं झालं, म्हणाला, उगीच मनात येत होतं. मग त्याने घड्याळ पाहिलं. चारची गाडी मिळत होती. केतकीने राहायचा आग्रह केला, आणि तो निघाला तेव्हा तिला हायसं वाटलं.

जूनच्या आत सह्या झाल्या. अकरा खोल्या निशिकांतने स्वतः उभं राहून उतरवल्या. देव टेम्पोतून सड्यावर गेला, येसूकाका त्याच्या शेजारी बसून. कुंडावर दोन फूट जाडीचं काँक्रीट पडलं, कारण बंद वसतिस्थानात उघडं गरम पाणी ठेवता येत नाही असा नियम निघाला. विजेचे खांब काढले. पूल आधीच बंद होता.

बावन्न साली केतकीने दुसरा अहवाल छापला. तो पहिल्यापेक्षाही गाजला. प्रावरणातला रस वाटेत थांबताना, पसरताना, गोठताना माणसाने पहिल्यांदाच जिवंत पाहिला होता. तिला एक मोठं पदक मिळालं. कुंडवलीला आता धोका नाही हे सगळ्या वर्तमानपत्रांनी छापलं, आतल्या पानावर. वसाहतीतली माणसं अर्ज घेऊन कचेरीत गेली. त्यांना सांगण्यात आलं की गाव कागदोपत्री निर्मनुष्य झालं आहे, जमीन वनखात्याकडे वर्ग झाली आहे, आणि पुनर्वसन एकदाच होतं.

अहवालाच्या शेवटी एक कोष्टक होतं; कुठला छेद कुठल्या महिन्यात, कुठल्या खोलीवर. वसाहतीत ते कोष्टक वाचता येणारा एकच माणूस होता, कारण अशीच कोष्टकं त्याने नऊ वर्षं स्वतःच्या हाताने भरली होती. पन्नासच्या मार्चची ओळ त्याने वाचली, आणि विचारणाऱ्यांपासून ती लपवली नाही. निशिकांतचा फोन आला नाही. प्रणालीचा आला. ती एवढंच म्हणाली की एकदा येऊन जा, इथे यांचं जगणं कठीण झालंय.

केतकी गेली. मार्चमधली सकाळ, पण सडा अकरालाच तापला होता. कातळ, पत्रे, मधे सिमेंटचा चौक, चौकात निळ्या टाक्या. लोक आपापल्या दारातून तिच्याकडे पाहत होते. कोणी या म्हणालं नाही. निशिकांत घरात जमिनीवर बसला होता. प्रणालीने तिच्यासमोर पाणी ठेवलं आणि ती आत गेली.

“मी पुण्याला आलो होतो, तेव्हा तुला माहीत होतं?” निशिकांतने विचारलं.

“माहीत नव्हतं. शंका होती.”

“पहिल्यांदाही शंकाच होती ना?”

तिने नियमांबद्दल, तपासणीबद्दल बोलायला सुरुवात केली, आणि तो ऐकत राहिला, लहानपणी तिचे धडे ऐकायचा तसा मन लावून. तिचंच बोलणं हळूहळू थांबलं.

मग तो बोलला. घर गेलं, कुंड गेलं, त्याचं काही नाही, म्हणाला. गावाचं जे झालं ते माझंही झालं. पण इथे कोणी मला दारात उभं करत नाही. बहिणीला ठाऊक आणि भावाला नाही, हे कोण मानेल? म्हणतात, भाटकराला सगळं माहीत होतं, अधिकाऱ्यांशी त्याचं काहीतरी ठरलं होतं, म्हणून तर शेवटी स्वतः सही करून येसूकाकाला ओढलंन. प्रणालीशी टाकीवर बायका बोलत नाहीत. अडीचशे घरं मी उठवली. तुझ्या शब्दावर. आता तू फक्त एक कर. सगळ्यांसमोर सांग की मला माहीत नव्हतं.

ती लगेच हो म्हणाली. एवढं तरी करता येईल असं तिला वाटलं. खरं सांगायचं तर थोडा धीरही आला.

दुपारी चौकात लोक जमले. देवळाच्या पत्र्याच्या सावलीत बायका, बाहेर उन्हात पुरुष. केतकीने भाषण केलं नाही. ती म्हणाली, “पन्नासच्या मार्चमध्ये मला दिसलं होतं की रस थांबलाय. मे महिन्यात दादा माझ्याकडे विचारायला आला. मी त्याला नाही सांगितलं. त्याला काहीच माहीत नव्हतं. चूक माझी आहे, एकटीची.”

असं वाक्य उभ्या आयुष्यात तिने कधी उच्चारलं नव्हतं. त्यात एकोणिसावं पान नव्हतं, अधिक-उणे नव्हतं. आता कोणीतरी ओरडेल, शिव्या देईल, दगडही उचलेल, अशा तयारीने ती उभी होती.

कोणी काही केलं नाही. मागे एकाने तोंडातली चूळ टाकली. येसूकाका पायरीवर बसला होता, तो हाताचा आधार घेऊन उठला. तो खूप म्हातारा झाला होता, आणि तिच्याशी बोलताना त्याचा आवाज मऊ होता, घरच्या लेकीशी बोलावा तसा.

“भावासाठी एवढं अंगावर घेतेस, चांगलं आहे गो बाय. बहिणीने करावं ते.”

“काका, मी खरं सांगतेय.”

“असेल,” तो म्हणाला. “पहिलंही खरं होतं, दुसरंही खरं होतं. आता हे तिसरं कशाला उगीच.”

माणसं उठू लागली. कोणाला टँकर गाठायचा होता, कोणाच्या घरी जेवण व्हायचं होतं. दोन मिनिटांत चौक रिकामा झाला. निशिकांत टाकीपाशी उभा होता. त्याने डोक्यावर टॉवेल घेतला आणि तिची पिशवी उचलली.

फाट्यापर्यंत वीस मिनिटांची वाट. दोघं कातळावरून चालत गेले. वाटेत तिने विचारलं की तू आणि वहिनी पुण्याला येता का, माझ्याकडे जागा आहे. तो म्हणाला, इथून गेलो तर यांचं म्हणणं खरं ठरेल. आणखी काही बोलणं झालं नाही. फाट्यावर थांब्याला छप्पर नव्हतं. एका काजूच्या झाडाखाली दोघं उभे राहिले. गाडी वीस मिनिटं उशिरा आली. निशिकांतने दार उघडून तिची पिशवी आत ठेवली, ती वर चढेपर्यंत दांडा धरून उभा राहिला.

“पोचलीस की कळवू नकोस,” तो म्हणाला.

त्याने ते रागाने म्हटलं नव्हतं. मग तो वळला आणि आल्या वाटेने, सावकाश, चालू लागला.

केतकी साडेसातला पुण्यात पोचली. तिने कळवलं नाही.